ताई, ते फक्त उंदरांत होतं

प्रिय ताई,

मेलेल्या माणसांना पत्रं लिहिणाऱ्यांची तू किती चेष्टा करायचीस! पेपरात कोणाच्या तरी फोटोखाली 'तुझ्याविना घर सुनं' वगैरे आलं, की चष्मा कपाळावर सरकवून विचारायचीस, "हा पेपर तिकडे टाकतो कोण?" आता घे. तुझ्यावरच वेळ आली. तुला जाऊन वर्ष होत आलं आणि या वर्षात मी तुला एक ओळसुद्धा लिहिली नाही. आज मात्र लिहिणार आहे, कारण मला तुझ्याशी भांडायचंय आणि इथे त्यासाठी दुसरं लायक माणूस उरलेलं नाही.

तुझ्या नवऱ्यानं ब्लड प्रेशरच्या गोळ्या बंद केल्या आहेत. गोळ्यांऐवजी मानेला बर्फ बांधून बसतात. आणि हे सगळं तुझ्या नावानं!

माझा गुडघा धरला होता म्हणून मधे विश्रांतवाडीला तुमच्याकडे माझं येणं झालं नाही. रोज फोन करायचे. "कसे आहात दाजी?" "मस्त." एवढंच. आज सकाळी कोथरूडहून दोन बस बदलून आले आणि बेल वाजवली. दार उघडलं तर दाजींच्या गळ्याला तुझा राखाडी मफलर. भर एप्रिलात!

"घसा धरलाय का?" मी विचारलं.

"नाही गं. ट्रीटमेंट चालू आहे."

मफलर सोडायला लावला, तर आत फ्रोझन मटारची दोन पाकिटं. एक डाव्या बाजूला, एक उजव्या. मटार, ताई! रुमालात नीट गुंडाळून, सेफ्टी पिना लावून.

"कसली ट्रीटमेंट ही?"

"कुसुमची," ते म्हणाले. तुझं नाव घेताना मान अशी ताठ, जणू तुला आत्ताच कुठलं तरी पदक मिळालंय.

गोळ्यांची पट्टी फ्रीजवर धूळ खात पडली होती. तू आणून ठेवलेलं मशीन काढलं आणि त्यांचं बीपी घेतलं. आकडा बघून चहाची इच्छाच गेली.

"किती आहे?"

"भरपूर आहे. मोठ्या कुटुंबाला पुरेल."

"चढउतार व्हायचेच. परवा मोरीच्या दारात जरा गरगरलं, भिंत धरली. म्हणजे परिणाम सुरू झालाय."

ताई, माणूस भिंत धरून उभा राहतो आणि वर म्हणतो गुण आला! तू असतीस तर काय केलं असतंस? मला माहीत आहे. तू आवाज चढवला नसतास. मी चढवला. एवढा चढवला की शेजारच्या बाईंनी दार उघडून पाहिलं. आणि मग ते रडले. मला वाटलं होतं, उलट ओरडतील.

ते मी पुढे सांगते. आधी जरा तुझ्याशी बोलू दे. वर्षभर कोणाशी धड बोलले नाहीये.

तुला खडकीचं क्वार्टर आठवतं ना? पहाटे फॅक्टरीचा भोंगा वाजायचा, बाबा खाकी चढवून बाहेर पडायचे, आणि मागच्या अंगणात उंदराच्या पिंजऱ्यात काहीतरी खडबडत असायचं. आई पोळीचा तुकडा लावून ठेवायची. उंदीर सापडला की बाबा तो पिंजरा पाण्याच्या पिंपात बुडवायचे. मी कानांवर हात ठेवून घरात पळायचे. तू जायची नाहीस. तिथेच उभी राहायचीस, दोन वेण्या, फ्रॉकचा बेल्ट सुटलेला, आणि शेवटपर्यंत बघायचीस. आई ओरडायची, "कुसुम, आत ये, काय बघतेस ते?" तू म्हणालीस, "कोणीतरी बघायला पाहिजे ना."

तेव्हा मला तू भयंकर वाटायचीस. मला वाटायचं, हिला काळीजच नाही.

आणि कॉन्व्हेंट! साहेबांच्या मुली जातात त्याच शाळेत माझ्या मुली जातील, असं म्हणून बाबा धुतलेली खाकी घालून मदरपुढे उभे राहिले होते. आपण दोघी त्यांच्यामागे, डोक्यावर तेल थापलेलं. मदरनं आपल्याकडे पाहिलं, तेलाकडे पाहिलं, आणि घेतलं बाई आत. शाळेत मराठी बोलणाऱ्या मुलीच्या गळ्यात लाकडी पाटी अडकवायचे, आठवतं? ती बहुतेक दिवस माझ्याच गळ्यात असायची. तू मुळात बोलायचीच नाहीस, तुला कोण पकडणार?

जीवशास्त्राच्या सिस्टर मात्र तुझ्यावर खूश. बेडकाचं चित्र काढायला सांगितलं होतं. सगळ्या मुलींनी कसे गोंडस बेडूक काढले! माझा तर हसत होता. तुझ्या बेडकाचा मागचा एक पाय अर्धाच होता. वर्गात सगळ्या हसल्या. सिस्टरनी बाटलीतला बेडूक वर करून दाखवला. त्याचा पाय खरंच अर्धा होता. इतक्या जणींपैकी कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं! तुझं चित्र वर्षभर फळ्याशेजारी होतं. घरी जाताना मी म्हणाले, "तुला पाय पूर्ण काढता आला नसता का? किती चांगलं दिसलं असतं." तू म्हणालीस, "पण नव्हता ना."

तुझं सगळं आयुष्य त्या तीन शब्दांत गेलं. पण नव्हता ना.

तू प्रयोगशाळेत लागलीस तेव्हा आईला वाटलं, मुलगी डॉक्टर झाली. शेजारपाजारच्या बायका पोटदुखी घेऊन यायच्या. मग कळलं की तू उंदरांचं बीपी बघतेस! आईचा चेहरा कसा झाला होता! "एवढं शिकून उंदरांचं? त्यांना कसलं टेन्शन?" तू शांतपणे सांगितलंस, की ही उंदरांची एक जातच अशी आहे, पिल्लू मोठं होईल तसा दाब आपोआप चढत जातो, कोणी काही न करता. आई माझ्याकडे बघून म्हणाली, "आपल्या शैलासारखा."

तू मला एकदाच तिथे नेलंस. नेण्याआधी काय नखरे! अत्तर नको, पावडर नको, केसात गजरा तर मुळीच नको. मी गजरा काढून गेटवरच्या वॉचमनकडे ठेवला. आत तुझा तो जुना सुती कोट, कोपरावर ठिगळ असलेला. नवा का घेत नाहीस विचारलं, तर म्हणालीस, "त्यांना याच कोटाची ओळख आहे." पांढरा उंदीर एका नळीत बसवायचा, शेपटी बाहेर. शेपटी कोमट करायची. मग शेपटीला तो चिमुकला पट्टा बांधायचा, आपल्या दंडाला बांधतात तसा. आणि लगेच मोजायचं नाही! आधी कितीतरी दिवस नुसतंच बसवायचं. सवय होईपर्यंत. घाबरलेल्या उंदराचं बीपी म्हणजे भीतीचं बीपी, आजाराचं नव्हे, असं तू सांगत होतीस. मी तिथे शिंकले आणि तुझा तो दिवस वाया गेला. तू बोलली काहीच नाहीस, फक्त माझ्याकडे बघितलंस. ताई, तू ओरडली असतीस तर बरं झालं असतं.

तो कोट दाजी धुवायचे. वासाच्या पावडरीनं नाही, साध्या साबणानं, घरच्या कपड्यांपासून वेगळा, आणि वाळवायचेही वेगळ्या दोरीवर. फॅक्टरीत लेथवर दिवसभर उभा राहिलेला माणूस, घरी येऊन बायकोचा कोट धुतोय! क्वार्टर्समधले लोक हसायचे. दाजी म्हणायचे, "हसा. बीपीचं औषध निघालं की त्यात माझा साबण असणार."

थट्टेत म्हणायचे. निदान मला तेव्हा ती थट्टा वाटायची.

मग तुझी ती थंडाव्याची कामं सुरू झाली. तू मला कितीदा समजावलंस, आणि मी कितीदा जांभया दिल्या! पण कोर्टात स्टेनो म्हणून जन्म गेला, कान ऐकतो ते विसरत नाही. मानेत, डोक्याकडे जाणारी मोठी रक्तवाहिनी जिथे दोन फाट्यांत जाते, तिथे एक कणाएवढा अवयव असतो. रक्तात प्राणवायू कमी पडला की तो मेंदूला हाक मारतो. तुझ्या त्या उंदरांत तो कारण नसताना हाका मारत सुटायचा, आणि त्या ऐकून शरीर दाब वाढवायचं. तू उंदराला भूल देऊन, मान उघडून, त्या कणाशेजारी थंड पाण्याची केसासारखी नळी ठेवायचीस. कण गारठला की गप्प व्हायचा. दाब उतरायचा. नळी काढली की परत चढायचा.

"म्हणजे मान कापून आत नळी? आणि काढली की पहिले पाढे?" मी विचारलं होतं.

"हो."

"मग उपयोग काय?"

"दाब कुठून चढतो ते कळलं. थोडंसं."

नंतर पेशी. हाडांच्या मगजातून काढायच्या, वाढवायच्या, आणि आजारी उंदरांना टोचायच्या. काहींचा दाब उतरला, काहींचा नाही. ज्यांचा उतरला त्यांचाही काही आठवड्यांनी हळूहळू चढला. त्या काळात तू घरी येऊन किती गप्प असायचीस! ज्यांचा उतरला तेवढेच सांगितले असते तर तुझं नाव झालं असतं. तुझ्या साहेबांनी सुचवलंही होतं म्हणे. तू सगळे सांगितलेस. पण नव्हता ना!

आणि तुझं ते पालुपद! कोणी काही विचारो, वाक्याच्या शेवटी "उंदरांत". लग्नात, बारशात, भाजी घेताना. माझ्या सोसायटीतले निवृत्त बँकवाले एकदा तुला जिन्यात अडवून म्हणाले होते, "ताई, बीपीवर काही नवीन निघालंय म्हणतात?" तू म्हणालीस, "निघालंय ना. आपण उंदीर असाल तर अवश्य या." ते बिचारे पुढे मला बघितलं की लिफ्टनं जायचे.

आता शोकसभेचं ऐक. तू तिथे फोटोत होतीस, तुला काही ऐकू आलं नसणार.

विहाराच्या हॉलमध्ये सभा होती. खूप लोक आले होते, ताई. तुझे विद्यार्थी, बाबांच्या फॅक्टरीतली उरलेली दोन म्हातारी माणसं, क्वार्टर्समधल्या बायका. आपल्या चुलतभावाचा संजय बोलायला उठला. हातात माइक आला की संजयचं काय होतं तुला माहीत आहे. म्हणाला, "मोठ्या आत्यांनी ब्लड प्रेशरवर इलाज शोधून काढला! मानेला थंडावा द्या, दाब खाली! शरीरातल्या पेशी टोचा, दाब खाली! गोळ्यांची गुलामी संपवणारं हे संशोधन दाबून टाकण्यात आलं!" टाळ्या! शोकसभेत टाळ्या!

चहाच्या वेळी मी त्याला गाठलं. "संजय, 'उंदरांत' कुठे गेलं?"

"अहो आत्या, शोकसभेत काय उंदीर काढायचे?"

"तिनं जन्मभर काढले."

"त्यांचा मोठेपणा तो. आपण कुटुंबानं तरी त्यांना लहान करू नये."

बघ, कसा बोलतो! सत्य सांगितलं तर मी तुला लहान करते. मी अजून दोन शब्द सुनावणार होते, पण पलीकडे दाजी बसले होते आणि लोक एकेक करून त्यांच्यापाशी येत होते. "काका, तुमच्या मिसेसनी केवढं काम केलं!" तू गेल्यापासून त्या माणसाच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा काहीतरी होतं. उजेड म्हण. मला वाटलं, भाषण आहे, हवेत जाईल. हवेत नाही गेलं. ते या घरात आलं, फ्रीजरमध्ये बसलं.

तर आज. मी ओरडले, दाजी रडले, आणि मग आम्ही दोघं तुझ्या स्वयंपाकघरात समोरासमोर बसलो. मानेवरची पाकिटं काढायला ते तयार नव्हते. मी त्यांना सगळं सांगितलं. बाहेरून लावलेला बर्फ आत त्या कणापर्यंत पोचत नाही. गारठ्यानं कातडीखालच्या रक्तवाहिन्या आखडतात, दाब उलट वाढतो. म्हातारपणी मानेवर असं दाबून बांधलं तर चक्कर येऊन माणूस आडवा होतो. गोळ्या अशा अचानक सोडल्या तर अर्धांगवायूसुद्धा होऊ शकतो.

"तू कोर्टात टायपिंग करायचीस," दाजी म्हणाले. "डॉक्टर कधी झालीस?"

"ताईकडून ऐकलंय."

"ती स्वतःचं काम कमी करूनच सांगायची. तुला माहीत नाही? कोणी शाबासकी दिली तरी हात झटकायची. मी तिचा नवरा. मी नाही विश्वास ठेवायचा तर कोणी ठेवायचा?" आणि मग खालच्या आवाजात, "झालं काही तर होईल. निदान तिच्या औषधानं होईल."

ताई, तेव्हा मला कळलं काय चाललंय. हा माणूस बरा व्हायला बसलेलाच नाही. बरं झालं तर तुझा विजय, नाही झालं तर तुझ्याकडे यायची वाट. त्यांना दोन्ही चालणार होतं! मला त्यातलं एकच चालणार होतं.

आणि मग मी ती गोष्ट सांगितली. तू मला सांग म्हणाली नव्हतीस, सांगू नको असंही म्हणाली नव्हतीस. आता रागवायचं असेल तर रागव.

मी म्हणाले, "दाजी, दर रविवारी विहारात आपण पंचशील म्हणायचो ना? पहिलं शील काय?"

"प्राणिहत्या करणार नाही. लहान मूल आहे का मी?"

"ताई ते म्हणायची नाही."

"काहीतरीच काय!"

कसं कळणार त्यांना? ते पुरुषांच्या बाजूला, पहिल्या रांगेत, सगळ्यांत मोठ्या आवाजात. आपण दोघी बायकांच्या बाजूला, खांबापाशी. सगळा हॉल एका सुरात म्हणायचा आणि तुझे ओठ मिटलेले. पहिल्यांदा मला वाटलं खोकला आला असेल. पुढच्या रविवारी परत तेच. दुसरं शील आलं की तू सुरू व्हायचीस, चांगली खणखणीत. विहारातून परत येताना मी विचारलं, आणि तू चालता चालता सांगितलंस. अगदी तुझ्याच शब्दांत मी ते दाजींना सांगितलं, स्टेनो आहे मी, स्वल्पविरामही गाळत नाही.

"रोज जे करते ते करणार नाही असं रविवारी कसं म्हणू?"

"मग सोड ना काम."

"सोडणार नाही. काम गरजेचं आहे. म्हणून तेवढ्यापुरती गप्प बसते. बाकीची चार मोठ्यानं म्हणते. न दिलेलं घेणार नाही, खोटं बोलणार नाही. त्या उंदरांनी जीव दिला तो केवढ्या उत्तरासाठी, ते मला माहीत आहे. त्याहून एक शब्द जास्त सांगितला, तर तो त्यांनी न दिलेला शब्द मी घेतला. आणि वर खोटंही बोलले."

दाजींच्या मानेवरून पाण्याचा ओघळ बनियनमध्ये चालला होता.

"मला कधी बोलली नाही," ते म्हणाले.

"तुम्ही विचारलं नाहीत."

"इतकी वर्षं तिचा कोट मी धुतला, शैला. आणि हे तुला सांगितलं?"

खरं सांगू, त्या क्षणी मला तुझा राग आला. त्यांना का नाही सांगितलंस गं? माझ्यासारख्या तोंडाळ बहिणीला सांगितलंस, आणि जो माणूस तुझ्या कामाचा वास रोज हातानं धुवून काढायचा, त्याला नाही! पण मग मला वाटलं, म्हणूनच नसेल सांगितलं. दिवसभर जे करावं लागायचं ते दारात उतरवून तुला कुठेतरी शिरायचं असेल. तो दोरीवरचा स्वच्छ कोट बघितला की तुला बरं वाटत असेल. मी हे त्यांना सांगितलं. माझा अंदाज आहे, असंही सांगितलं. चूक असेल तर तुझं तू बघ.

त्यांनी स्वतःच मफलर सोडला. पिना एकेक करून डबीत ठेवल्या. पाकिटं ओट्यावर ठेवली. मऊ पडली होती.

"याचं काय करायचं आता?"

"उसळ."

ते हसले नाहीत, पण नाक शिंकरलं, म्हणजे रडणं संपलं.

मग रिक्षा केली आणि तुमच्या नेहमीच्या डॉक्टरकडे गेलो. मी तोंड उघडायच्या आत दाजी म्हणाले, "डॉक्टर, मी गोळ्या बंद केल्या होत्या. बायकोच्या कामाचा मी भलताच अर्थ लावला. तिनं असं कधीच सांगितलं नव्हतं. तिची चूक नाही, हे तुम्ही लक्षात ठेवा." डॉक्टर बिचारे गोंधळले, त्यांनी तुझी चूक काढलीच नव्हती. बीपी बघितलं, भुवया वर गेल्या, काही तपासण्या तिथल्या तिथे केल्या. अजून काही बिघडलेलं नाही म्हणाले, पण काका, नशीब समजा. गोळ्या परत सुरू, रोज बीपी बघायचं, आणि परवा पुन्हा दाखवायला यायचं. "घरी कोण असतं?" त्यांनी विचारलं. दाजी म्हणणार होते कोणी नाही. मी म्हणाले, "मी असते."

कोथरूडच्या फ्लॅटला कुलूप आहे, राहील. तुमच्या बिल्डिंगमधल्या बायका बोलतील, मेव्हणी येऊन राहिली म्हणून. बोलू देत. या वयात माझ्याबद्दल कोणी काही बोलत असेल तर मी आभार मानीन.

दुपारी जेवून दाजींनी विचारलं, "मग शैला, तिच्या हातून शेवटी झालं काय?"

"थोडं कळलं. आधी कोणाला माहीत नव्हतं असं थोडंसं."

"थोडंसंच?"

"थोडंसंच, दाजी."

"आणि ते थोडंसं कोणी खोडू शकणार नाही ना?"

"तिनं मोजलंय. कोण खोडणार?"

"मग झालं तर," ते म्हणाले आणि आडवे झाले. ताई, संजयच्या भाषणानं त्यांच्या चेहऱ्यावर आला होता तो उजेड आज नव्हता. पण झोप लागली त्यांना. घोरले चांगले. पुढच्या महिन्यात तुझ्या पहिल्या स्मृतिदिनाला संजय परत बोलायला येणार होता. उठल्यावर दाजींनीच त्याला फोन केला. "तू ये, जेव, बस. बोलणार मी आहे." एवढंच बोलून ठेवला. तुझ्या नवऱ्याला एवढं तुटक बोलता येतं, हे मला माहीत नव्हतं! तुझ्याकडूनच शिकले असणार.

आता संध्याकाळ झाली आहे. मी तुझ्या खिडकीपाशी बसून हे लिहितेय आणि दाजी बाल्कनीत तुझ्या कुंड्यांना पाणी घालतायत. आत्ताच दारात येऊन विचारून गेले, "एवढं काय लिहितेस? कोणाला?"

"तुमच्या बायकोला."

मला वाटलं हसतील. नाही हसले. झारी हातात घेऊन तसेच उभे राहिले. "काय लिहिलंस?"

"की तुम्हाला इतक्यात पाठवत नाही."

त्यांनी झारी उंबऱ्यावर टेकवली. मग म्हणाले, "बरं. तिला सांग, मलाही घाई नाही."

सांगितलं बघ.

तू कुठे बसून वाट बघत असशील यावर माझा विश्वास नाही, तुझा तर नव्हताच. तरीही चुकून बघत असशील, तर सोडून दे. या माणसाची गोळी रोज माझ्या डोळ्यांदेखत घशाखाली जाईल. जेवणात मीठ बेताचं असेल. मी त्यांच्यावर ओरडेन, पण त्यांच्या बीपीला झेपेल इतपतच, आणि तेवढं ओरडणं कसं असतं ते मी या वयात शिकून घेईन. शब्द देते तुला, ताई. तुला माहीत आहे, मी दिलेला शब्द कमी-जास्त होत नाही.

तुझी,
जिभेला हाड नसलेली
शैला